मेलेल्यांचा पासपोर्ट : नगरचा मिलिगन आणि ‘पकून’

नगरच्या साहित्यिक वारशाची यादी करताना रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना ग्रंथ लिहिणारे नेहरू ही नावे हमखास घेतली जातात. स्पाइक मिलिगनचे नाव सहसा येत नाही. १६ एप्रिल १९१८ रोजी तो नगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेतले आयरिश सैनिक, आई इंग्रज. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. पुढे बीबीसी रेडिओवरच्या ‘द गून शो’मुळे तो विलायतेत घरोघरी पोहोचला. येथे मला त्याच्या ‘पकून’ (१९६३) या पहिल्या कादंबरीचा विचार करायचा आहे. चोरट्या वाहतुकीभोवती फिरणारी ही विनोदी कादंबरी, बेळगावचा प्रश्न ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला परकी वाटू नये.

काळ १९२४चा. आयर्लंडची फाळणी झाली आहे आणि सीमा आयोगाचे सदस्य, गुत्ते बंद व्हायच्या आत काम उरकावे म्हणून, घाईघाईने नकाशावर रेघ ओढतात. ती पकून गावाच्या मधून जाते. चर्च एका देशात, त्याची दफनभूमी दुसऱ्या देशात. गुत्त्याचा एक कोपरा पलीकडे गेल्याने तिथे दारू तीस टक्के स्वस्त. म्हणून सगळे गिऱ्हाईक त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. प्रेत पुरायला न्यायचे तर नाक्यावर मृताचा पासपोर्ट मागतात. मग फादर रडन पलीकडची प्रेते रात्री उकरून आणायचा घाट घालतात, आणि नेमके त्याच सुमारास बंडखोर शवपेटीतून स्फोटके नेत असतात.

नेहमीच्या रहस्यकथेत कायदा आधीपासून असतो आणि कोणीतरी तो मोडतो. ‘पकून’मध्ये कालपर्यंत जे रोजचे जगणे होते, तेच रेघ पडल्यावर गुन्हा ठरते. आजोबांना आजीशेजारी पुरणे ही आता तस्करी. मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’चा शेवटही दोन देशांच्या मधल्या बेवारस जमिनीवर होतो. मंटो तिथे वाचकाला सुन्न करतो. मिलिगन त्याच जागी गोंधळ उडवून देतो. पण प्रश्न दोघांचा एकच आहे : माणूस कुठला, हे ठरवायचे कोणी?

हा प्रश्न लेखकाच्याही वाट्याला आला. १९६२च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्यानंतर, जन्म भारतातला असल्याने, ब्रिटिश पासपोर्टवरचा त्याचा हक्क आपोआप उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी लढलेल्या या माणसाने निष्ठेची शपथ घ्यायचे नाकारले आणि आयरिश नागरिकत्व पत्करले. त्यावरून ‘पकून’ हे पासपोर्टच्या अपमानाला दिलेले उत्तर, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. कादंबरी १९५८मध्ये सुरू करून चार वर्षे रखडत लिहिली, असे तो स्वतःच प्रारंभी नोंदवतो. म्हणजे मृताच्या पासपोर्टचा विनोद कायद्याच्या आधीपासून त्याच्या मनात घोळत असावा. त्याचे मूळ मी छावण्यांतून वाढलेल्या बालपणात शोधीन : जिथे राहतो तो देश आपला नाही आणि ज्याला आपला म्हणायचे तो पाहिलेला नाही, अशा मुलाच्या अनुभवात.

कादंबरीतली सर्वांत अजब मैत्री डॅन मिलिगन हा आळशी नायक आणि त्याचा लेखक यांची आहे. आपले पाय इतके काटकुळे का केले, म्हणून नायक लेखकाला जाब विचारतो. लेखक सबबी सांगतो. दोन जुने सोबती कट्ट्यावर भांडावेत तसे हे चालते. शेवटी मात्र लेखक त्याला अडचणीत लटकत ठेवून चालता होतो. गावासाठी जसा सीमा आयोग, तसाच नायकासाठी लेखक : कागदावर काहीतरी ओढायचे आणि निघून जायचे. हे मिलिगनने हसत हसत कबूल केले आहे, आणि म्हणूनच हा खेळ मला निव्वळ चमत्कृती वाटत नाही.

कादंबरीचे अपयशही याच जागी दिसते. आ पाँग या चिनी पोलिसावरचे विनोद वंशाच्या ठोकळेबाज कल्पनांवर उभे आहेत. डॅनला आपल्या पायांबद्दल तक्रार करता येते. आ पाँगला आपल्या चित्रणाबद्दल ती सोय नाही. हीच खोट पुढे ‘करी अँड चिप्स’ (१९६९) या मालिकेत वाढली, जिथे मिलिगनने चेहरा रंगवून पाकिस्तानी-आयरिश कामगार रंगवला. साम्राज्याच्या छावणीने त्याला बेघरपणाची जाण दिली, तशी ही नजरही दिली.

२००१मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहूड दिले तेही ‘मानद’, कारण कागदोपत्री तो परदेशी होता. २००२मध्ये तो वारला. आपण आजारी असल्याचे आधीच बजावले होते, हा त्याचा विनोद थडग्यावर इंग्रजीत कोरायला चर्चची परवानगी मिळेना. शेवटी तो आयरिश भाषेत कोरला गेला. ‘पकून’मधल्या प्रेतांसारखीच त्याच्या शेवटच्या वाक्यालाही दुसऱ्या बाजूने वाट काढावी लागली. नगरच्या यादीत त्याचे नाव घालायचे असेल, तर हा विनोद आणि आ पाँगची ती मुकी तक्रार, दोन्ही वाचून घालावे.