मित्राच्या आईचं स्वयंपाकघर

'ऑल्वेज बी माय मेबी' (2019, दिग्दर्शन : नानाच्का खान) पहिल्यांदा पाहिला तेव्हा कियानू रीव्हजने स्वतःचीच उडवलेली टर तेवढी माझ्या लक्षात राहिली. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष गेलं ते एका स्वयंपाकघराकडे. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या लहानग्या साशाचे आईवडील दिवसभर दुकानात असतात. घरी ती एकटी. शेजारच्या मार्कसची आई जूडी तिला जेवायला बोलावते, पुढे कोरियन स्वयंपाक शिकवते.

बालमित्रांच्या प्रेमपटात 'हे एकमेकांना कधी सांगणार?' एवढाच प्रश्न सहसा असतो. इथे दोघं दुरावतात ते जूडीच्या मृत्यूनंतर. दुःख दोघांचंही, पण ते वाटून घेणं जमत नाही. आधी घाईने जवळ येतात, मग भांडतात. सोळा वर्षांनी साशा नामांकित शेफ झालेली असते. मार्कस त्याच घरात राहून वडिलांबरोबर एसीची कामं करत असतो.

इथे मात्र चित्रपट मार्कसवर थोडा अन्याय करतो. एकट्या बापाजवळ राहण्यात भीती असेल, तशी मायाही असते. चित्रपट भीतीच जास्त पाहतो.

तरीही शेवट मला पटला. साशा न्यूयॉर्कमध्ये जूडीच्या नावाने रेस्टॉरंट काढते, तिच्याच पाककृतींचं. आई गेल्यावर पोरके झालेले आपण एकटेच नव्हतो, हे मार्कसला तिथे कळतं. त्या दोघांमधल्या कुठल्याही प्रेमाच्या कबुलीपेक्षा मला ही कबुली मोठी वाटली.