चेस्टनट स्ट्रीटवरच्या दोन बँका

फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवर ग्रीक देवळासारखी एक बँक आहे. विल्यम स्ट्रिकलंडने पार्थेनॉनवरून बेतलेली ही सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स १८२४ मध्ये पूर्ण झाली. पुढे-मागे आठ-आठ डोरिक खांब. बाजूंना एकही नाही, नुसत्या खिडक्या. भक्ती दर्शनी भागापुरतीच! बँकेची सनद १८३६ मध्ये संपली. आज आत व्यक्तिचित्रांचं दालन आहे.

तिच्या समोरच्या बाजूला १८७९ साली फ्रँक फर्नेसची प्रॉव्हिडंट बँक उभी राहिली. बुटके, जाडजूड खांब आणि त्यांच्या डोक्यावर अवजड दगडी डोलारा. फोटो पाहताना मला दर वेळी वाटतं, हे सगळं आता खाली येणार. देखणी? नाही म्हणवत. पण लोकांचा पैसा सांभाळण्याचं ओझं तिच्यात दिसतं; स्ट्रिकलंडच्या देवळात ते दिसतच नाही.

ही इमारत १९६० च्या सुमारास पाडली. तेव्हा त्या भागात अमेरिकी स्वातंत्र्याच्या स्मृतीचं राष्ट्रीय उद्यान आकार घेत होतं, आणि व्हिक्टोरियन काळातल्या बांधकामांना फारशी किंमत नव्हती. अथेन्सची नक्कल वारसा म्हणून जपली गेली. याच शहरात जन्मलेल्या फर्नेसचं काम मात्र गेलं.