न वटलेला धनादेश आणि स्वप्न : मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाची प्रस्तुतता

प्रस्तावना

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकासमोर, सुमारे अडीच लाख लोकांपुढे मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांनी केलेले भाषण त्यातील 'स्वप्ना'साठी जगभर ओळखले जाते. पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रफितींतून बहुधा त्याचा उत्तरार्धच आपल्यापर्यंत पोहोचतो. मात्र पूर्वार्ध वगळला की भाषणाचा अर्थच बदलतो, हे प्रस्तुत टिपणात पाहायचे आहे.

संदर्भ

ज्या मोर्चात हे भाषण झाले, त्याच्या नावात 'रोजगार आणि स्वातंत्र्य' हे दोन्ही शब्द होते. ए. फिलिप रँडॉल्फ आणि बेयर्ड रस्टिन हे त्याचे प्रमुख संघटक. नागरी हक्कांच्या कायद्याबरोबरच ताशी किमान दोन डॉलर वेतन ही मागणीही त्यात होती. म्हणजेच समतेचा प्रश्न येथे पोटापाण्याच्या प्रश्नाशी जोडलेला होता.

भाषणाची रचना

भाषणाचा आरंभ लिंकन यांच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेच्या स्मरणाने होतो. शंभर वर्षे उलटली तरी कृष्णवर्णीय मुक्त नाहीत, हे किंग पुन्हा पुन्हा बजावतात. त्यानंतर या भाषणातील सर्वांत महत्त्वाचे रूपक येते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान ही राष्ट्राने प्रत्येक नागरिकाला लिहून दिलेली वचनचिठ्ठी होती. कृष्णवर्णीयांच्या हाती मात्र न वटणारा धनादेश पडला, असे ते म्हणतात. या रूपकामुळे बोलणाऱ्याचे स्थान बदलते. तो दया मागणारा याचक राहत नाही, आपले येणे वसूल करण्यास आलेला धनको ठरतो. 'हळूहळू होईल' हा सल्लाही ते याच आधारावर नाकारतात. त्याच वेळी आपल्या अनुयायांना ते द्वेष आणि हिंसेपासून दूर राहण्यास सांगतात.

स्वप्नाचा भाग लिखित मसुद्यात नव्हता. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून हाक दिली आणि त्या सुमारास किंग मसुदा सोडून बोलू लागले, असे सांगितले जाते. याच कल्पनेवर ते जूनमध्ये डेट्रॉईट येथेही बोलले होते. पुनरुक्ती, चढता स्वर आणि बायबलमधील प्रतिमा यांत चर्चमधील प्रवचनाची परंपरा स्पष्ट दिसते.

आजचा वाद

आपल्या चार मुलांची पारख कातडीच्या रंगावरून न होता चारित्र्यावरून व्हावी, ही किंग यांची इच्छा पुढे विशेष संधीच्या धोरणांविरुद्ध वापरली गेली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात अशी धोरणे बंद करणाऱ्या प्रस्तावाच्या प्रचारातही तिचा आधार घेतला गेला. हे वाचन काळाची गल्लत करते. किंग यांचे वाक्य 'एक दिवस' येणाऱ्या भविष्याविषयी आहे. ते भविष्य आलेच आहे, असे धरून चालता येत नाही. शिवाय १९६४ च्या आपल्या पुस्तकात किंग यांनी वंचितांसाठी भरपाईच्या विशेष कार्यक्रमाचे उघड समर्थन केले होते. धनादेश वटण्यापूर्वीच हिशेब मिटला म्हणणे हे भाषणाच्या तर्कालाच धरून नाही.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील एक कळीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निष्प्रभ केली. मिळालेला हक्कही पुन्हा क्षीण होऊ शकतो, हे यावरून दिसते.

मर्यादा

त्या दिवशीच्या प्रमुख भाषणांत एकाही स्त्रीचे भाषण नव्हते, आणि किंग यांची भाषाही मुख्यतः पुरुषवाचक आहे. माल्कम एक्स यांनी मोर्चावर कठोर टीका केली. खुद्द किंग यांनीही १९६७ मध्ये आपल्या स्वप्नाचे अनेक अर्थांनी दुःस्वप्न झाल्याचे मान्य केले. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा ते मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते.

समारोप

हे भाषण आजही प्रस्तुत ठरते, ते केवळ त्यातील आशेमुळे नव्हे. राष्ट्राने दिलेल्या शब्दाचा हिशेब मागण्याचा अधिकार ते नागरिकाला देते. हिशेब विसरून केवळ स्वप्नाचा गौरव केला, तर भाषणाचा सोहळा होतो; त्यातील मागणी मात्र अनुत्तरित राहते.