लुईझ ब्रूक्स: पडद्यावरून कागदावर

आजचा विषय लुईझ ब्रूक्स. नाव ऐकलं नसेल, पण चेहरा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कपाळावर सरळ रेषेत कापलेले आणि गालांवर टोकदार येणारे आखूड काळे केस. हा फोटो पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि पोस्टरांवर सारखा भेटतो. फोटोबरोबर एक गोष्टही फिरत असते: मुलगी सुंदर होती, हट्टी होती, हॉलिवूडशी भांडली, बर्लिनला जाऊन एक अजरामर भूमिका केली, मग घसरत घसरत दारू आणि दारिद्र्यात गेली, आणि उतारवयात काही रसिक पुरुषांनी तिला शोधून काढलं.

या गोष्टीतले तपशील बरेचसे खरे आहेत. आमची तक्रार गोष्टीच्या घडणीबद्दल आहे. तिच्यात ही बाई स्वतः काही करतच नाही. तिला कोणी घडवतं, कोणी हाकलतं, कोणी शोधतं. आणि ज्या कामात तिने आयुष्याची शेवटची तीस वर्षं घातली ते काम, म्हणजे तिचं लेखन, शेपटासारखं शेवटी येतं. आज आपण ते मधोमध ठेवून बघू.

आधी थोडा हिशेब. जन्म १९०६, कॅन्सस राज्यातलं चेरीव्हेल. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, ती डेनिशॉन या नामवंत नृत्यसंस्थेत दाखल झाली आणि दोन वर्षांत तिथून काढली गेली. मग ब्रॉडवेवर झिगफेल्डचे नाच-गाण्यांचे खेळ, आणि १९२५ मध्ये पॅरामाउंटशी करार. म्हणजे कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा ती नाचणारी होती, नाटकवाली नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२८ चा ‘बेगर्स ऑफ लाइफ’ पाहा. दिग्दर्शक विल्यम वेलमन. एक भुकेला भटक्या दारात येतो, आत टेबलाशी एक माणूस मरून पडलाय. त्याला मारणारी मुलगी काय घडलं ते सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा त्या आठवणीच्या दृश्यांवरच उमटलेला राहतो. मूकपटात अशा जागी छाती पिटणं, डोळे फिरवणं सहज चाललं असतं. ब्रूक्स जवळजवळ काही करत नाही. तिचा चेहरा स्थिर आहे, आणि त्या स्थिरपणामुळे घडलेल्या अत्याचाराकडे आपल्याला बघावंच लागतं. याला लोक ‘नैसर्गिक अभिनय’ म्हणतात. आम्हाला हा शब्द जरा कंजूष वाटतो. किती हलायचं आणि कुठे थांबायचं हे नर्तकीचं शरीर शिकलेलं असतं. ते शिक्षण आहे, निसर्ग नव्हे.

आता ते प्रसिद्ध भांडण. १९२८ मध्ये बोलपट येऊ घातले होते. पॅरामाउंटच्या शुलबर्ग यांनी तिला करारातली पगारवाढ नाकारली: आहे त्या पगारावर राहा, नाहीतर जा. ती गेली. बर्लिनहून पाब्स्टचं बोलावणं आलेलंच होतं. इकडे तिचा ‘द कॅनरी मर्डर केस’ मूक स्वरूपात चित्रित झाला होता. कंपनीने त्याला आवाज द्यायचं ठरवलं आणि तिला परत बोलावलं. तिने नकार दिला. मग मार्गारेट लिव्हिंगस्टन या दुसऱ्या नटीचा आवाज वापरून चित्रपट १९२९ मध्ये लागला. आणि बातमी पसरवण्यात आली की ब्रूक्सचा आवाज बोलपटाला चालत नाही.

चरित्रकथेत हा प्रसंग ‘हट्ट’ म्हणून येतो. पण नीट बघा, हा पगाराचा तंटा आहे. मालकाने करारातली वाढ मारली आणि कामगाराने जादा काम नाकारलं. हीच गोष्ट गिरणीत घडली असती तर तिला आपण हट्ट म्हटलं असतं का?

बर्लिनला गेऊर्ग विल्हेल्म पाब्स्टने तिला लुलू केलं. फ्रांक वेडेकिंडच्या नाटकांवरचा ‘पँडोराज बॉक्स’, १९२९. तिला जर्मन येत नव्हतं. परदेशी मुलीला आपली लुलू दिली म्हणून तिथे रोष होता, आणि चित्रपट आला तेव्हा ती अभिनयच करत नाही असं समीक्षकांनी लिहिलं. पाठोपाठ त्याच वर्षी ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’. मग ती हॉलिवूडला परतली. १९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’तली भूमिका नाकारली, ती जीन हार्लोला गेली. १९३८ मध्ये जॉन वेनबरोबर एक साधा घोडेस्वारीपट, आणि कारकीर्द संपली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पुढे विचिटात नृत्यवर्ग, न्यू यॉर्कमध्ये सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या दुकानात विक्रेतीची नोकरी.

१९५५ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेकच्या आंरी लांग्ल्वा यांनी प्रदर्शनात तिचं भलंमोठं चित्र लावलं, तिला गार्बो आणि डीट्रिखच्याही वर बसवलं. पुढच्या वर्षी जॉर्ज ईस्टमन हाउसचे जेम्स कार्ड यांच्या सांगण्यावरून ती रॉचेस्टरला राहायला गेली. इथे गोष्ट सांगणारे थांबतात: सापडली! आमच्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या संग्रहात बसून ती चित्रपट पाहू लागली. स्वतःचे, आणि त्याहून जास्त इतरांचे. मग लिहू लागली. ‘साइट अँड साउंड’मध्ये, ‘फिल्म कल्चर’मध्ये. गिश आणि गार्बोवर, बोगार्टवर, डब्ल्यू. सी. फील्ड्सवर, पाब्स्टवर. यातले निवडक लेख १९८२ मध्ये ‘लुलू इन हॉलिवूड’ या पुस्तकात आले.

पाब्स्टवरचा लेख वाचा. फ्रिट्झ कोर्टनर या सहनटाला तिचा राग होता. ज्या दृश्यात तो लुलूला गदागदा हलवतो त्यात त्याने तो राग काढला. तिच्या दंडांवर दहा बोटांचे काळेनिळे वळ उठले. पाब्स्टला हे हवंच होतं. शेवटच्या भागासाठी त्याने तिचा स्वतःचा, आवडता पोशाख फाडून तेलकट करायला लावला, म्हणजे ती त्यात खरोखर खचलेली दिसेल. ब्रूक्स हे सांगताना रडत नाही आणि पाब्स्टची आरतीही करत नाही. दिग्दर्शक माणसांमधल्या द्वेषाचा कच्चा माल म्हणून कसा वापर करतो, ते ती दाखवते. सेटवर ज्यांना ती बाहुली वाटत होती, त्यांच्यातली ही बाई सगळं टिपत होती!

आता आमचे आक्षेपही मांडायला हवेत. गिश आणि गार्बोवरच्या लेखात तिचं म्हणणं असं, की मोठ्या नट्यांची पडझड आपोआप होत नाही. पगार कापायला मालक ती घडवून आणतात, आणि गार्बोचा उपयोग गिशला उतरवायला झाला. यात तथ्य आहे. पण प्रेक्षकांची बदललेली आवड ती फारच झटपट बाजूला सारते. स्वतःचा तंटा ती दुसऱ्यांच्या आयुष्यात वाचते. दुसरं, आपण अभिनयाची कधी फिकीरच केली नाही हा तिचा पवित्रा. इतक्या बारकाईने अभिनय ओळखणाऱ्या बाईच्या तोंडी तो पटत नाही.

आणि तिसरी गोष्ट, तिचं मौन. आत्मचरित्र लिहून तिने ते जाळलं. १९७७ मध्ये आत्मचरित्र का लिहिणार नाही यावरच एक लेख लिहिला: आयुष्य वाचण्याजोगं करेल ते लैंगिक सत्य लिहायची आपली तयारी नाही, आणि त्याशिवाय लिहिण्यात अर्थ नाही. वाचक म्हणून आम्हाला हळहळ वाटते. पण काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायची सत्ता तिच्याकडे तोवर कधी नव्हतीच. ती सत्ता तिने वापरली.

पाब्स्टने तिला बजावलं होतं, की तुझं आयुष्य लुलूसारखंच आहे आणि तुझा शेवटही तसाच होणार. हे भाकीत तिनेच लिहून ठेवलंय, आणि अनेकांना ते खरं ठरायला हवं असतं. पडद्यावर लुलू मरते तेव्हा आपल्याला फक्त तिचा हात सैल पडलेला दिसतो. ब्रूक्स मात्र पन्नाशीत त्याच हाताने टंकलेखन यंत्रावर बसली.

पुढच्या वेळी येताना ‘पँडोराज बॉक्स’ पाहून या, आणि जमलं तर आधी तिचा लेख वाचा. क्रम उलटा वाटेल. तरी तसंच करा, आणि मग आमच्याशी भांडायला या.