चौकटीतला प्रयोग

पाठ्यपुस्तकांची समीक्षा आपल्याकडे सहसा दोनच प्रकारे होते. एक तर त्यातल्या चुका शोधल्या जातात, नाहीतर त्यामागची विचारसरणी. त्यातल्या निवेदनाकडे कुणी बघत नाही, कारण पाठ्यपुस्तकाला निवेदक असतो हेच ध्यानात येत नाही. गेलं वर्षभर मी 'कॅम्पबेल बायॉलॉजी' वाचते आहे, आणि मला सगळ्यात जास्त रस वाटला तो या न दिसणाऱ्या निवेदकात.

मी हे पुस्तक कुठून वाचते आहे ते आधी सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. अकरावीला पीसीएम घेतलं आणि जीवशास्त्र दहावीच्या पुस्तकांबरोबर रद्दीत गेलं. गणित समजून घ्यायचं असतं आणि बायो पाठ करायचं असतं, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. पीसीबी घेणाऱ्यांचे डोळे मेडिकलकडे लागलेले असत. ते हुकलं की त्यांतले बरेच जण बी.एस्सी.कडे वळत. त्यामुळे पदवीचं जीवशास्त्र म्हणजे हुकलेल्या गोष्टीची भरपाई, असं एक चित्र घरोघरी तयार झालं. कुणी आवडीने, पहिली पसंती म्हणून शिकावा असा हा विषय आहे का? याचं एक उत्तर त्याच्या पुस्तकातच मिळायला हवं.

नील कॅम्पबेल यांनी या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1987 साली काढली. 2004 साली ते वारले, पण पुस्तक थांबलं नाही. लेखक बदलत गेले आणि 2020 साली बारावी आवृत्ती आली. 56 प्रकरणं, आठ विभाग. सुरुवात अणू-रेणूंपासून आणि शेवट परिसंस्थांपाशी. पदवीच्या पहिल्या पायरीवरचं जीवशास्त्र कसं दिसावं, याचा साचा जगभरात ज्या मोजक्या पुस्तकांनी घडवला, त्यांत याचं नाव वरचं आहे. चित्रं उत्तम, भाषा स्वच्छ, रचना काटेकोर. इतक्या चांगल्या पुस्तकाबद्दल तक्रार करायची तर ती बारकाईने करावी लागते.

तक्रार अशी. प्रत्येक प्रकरणातल्या उपविभागांचे मथळे म्हणजे पूर्ण वाक्यं असतात आणि ते वाक्य म्हणजे निष्कर्ष असतो. वाचक आत शिरण्याआधीच निकाल हातात. मुख्य मजकूर वर्तमानकाळात चालतो: पेशी हे करते, एन्झाइम ते करतं. कुणाला, कधी, कसं कळलं हे सांगायला अधूनमधून रंगीत चौकट येते. तिच्यात प्रयोग, निरीक्षणं आणि निष्कर्ष ओळीने मांडलेले असतात. चौकटी सुंदर आहेत. पण चौकट म्हणजे थोडं थांबून बघायची जागा, आणि घाईत असलेला विद्यार्थी सगळ्यात आधी जे गाळतो ते चौकटीतलं असतं. जीवशास्त्रातली क्रियापदं अशी बाजूला गेली आणि नामं मधल्या रस्त्यावर राहिली.

हे अपरिहार्य नाही, याचा पुरावा याच पुस्तकात आहे. सोळावं प्रकरण आनुवंशिकतेच्या रेणूबद्दल आहे आणि तिथे निवेदक अचानक जागा होतो. 1928 साली ग्रिफिथना न्यूमोनियाच्या जंतूंमध्ये दिसलेलं गूढ, 1952 सालचा हर्शी आणि चेस यांचा विषाणूंवरचा प्रयोग, डीएनएची प्रत कशी निघते याच्या तीन शक्यतांमधून एक निवडणारा 1958 सालचा मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रयोग, हे सगळं क्रमाने येतं. आधी प्रश्न पडतो, मग उत्तर मिळतं. ते प्रकरण मी एका बैठकीत वाचलं. नवव्या प्रकरणाला, म्हणजे पेशीतल्या श्वसनाला, मला तीन आठवडे लागले.

नवव्या प्रकरणाच्या मध्यभागी ते प्रसिद्ध वर्तुळ आहे. क्रेब्ज चक्र, म्हणजेच सायट्रिक आम्ल चक्र. आठ पायऱ्या, आठ आम्लं, बाणांवर एन्झाइमांची नावं. हान्स क्रेब्ज तिथे येतात ते जेमतेम चक्राचं नाव कुठून आलं हे सांगण्यापुरते. माझी मामेबहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वहीत हे चक्र तीनदा काढलेलं आहे, तीन रंगांत, आणि बाजूला आम्लांच्या आद्याक्षरांवरून रचलेलं एक वात्रट वाक्य. परीक्षेत चक्र काढा म्हणतात, ती काढते, पूर्ण गुण मिळतात. हे चक्र आहे, सरळ रांग नाही, हे कशावरून ठरलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, हे कधी कुणी विचारलंच नाही."

विचारायला हवं होतं, कारण उत्तर फार देखणं आहे. क्रेब्ज ज्यू असल्यामुळे 1933 साली त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे ते इंग्लंडमध्ये शेफील्डला काम करू लागले. कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक करून तो किती ऑक्सिजन ओढतो हे मोजायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्यात थोडं सायट्रेट घातलं की ऑक्सिजनचा खप वाढे. यात नवल नाही, सायट्रेट जळत असेल. पण हिशेब करून बघा. सायट्रेटचा एक रेणू पूर्ण जाळायला साडेचार रेणू ऑक्सिजन पुरतो. स्नायू मात्र घातलेल्या सायट्रेटच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन ओढत होता. म्हणजे सायट्रेट खर्च होऊन संपत नव्हतं. ते काम करून परत येत होतं.

नुसतं परत येणं म्हणजे वर्तुळ असं लगेच सिद्ध होत नाही. इथे दुसरी युक्ती येते. मॅलोनेट नावाचं एक विष सक्सिनेट आणि फ्युमरेट यांच्यामधली पायरी बंद करतं. ती बंद केली आणि स्नायूला ऑक्झॅलोअॅसिटेट दिलं. ऑक्झॅलोअॅसिटेटपासून सक्सिनेटकडे उलट्या दिशेने जाणारी जवळची वाट याच बंद पायरीवरून जाते. तरीही सक्सिनेट साठलं. मग ते आलं कुठून? दुसऱ्या बाजूने, लांबच्या वाटेने, सायट्रेटवरून. गावात शिरायचा पूल बंद असताना पाहुणा दारात उभा राहिला, तर गावाला दुसरा रस्ता आहे एवढं नक्की. माझ्या कामात आम्ही रोज हेच करतो. प्रोग्रॅममधली एक जागा मुद्दाम अडवतो आणि माल कुठे तुंबतो ते पाहतो. पेशीला हाच प्रश्न इतक्या सरळ विचारता येतो, हे मला कुणी सोळाव्या वर्षी सांगितलं नव्हतं.

आणखी एक तपशील. क्रेब्ज यांनी 1937 साली हे चक्र मांडलं तेव्हा त्यात एक जागा धूसर होती. साखरेतून नेमका कुठला तुकडा चक्रात शिरतो हे कळलेलं नव्हतं. तो तुकडा, अॅसिटिल कोएन्झाइम ए, 1951 साली फेओडोर लिनन यांनी ओळखला. चौदा वर्षं ते चित्र अर्धवट होतं आणि तरी ते बरोबर होतं. 'नेचर'ने तर क्रेब्ज यांचं टिपण जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, ते दुसरीकडे छापावं लागलं. 1953 साली त्याच कामाला नोबेल मिळालं. आजच्या पुस्तकात सगळे बाण सारख्याच जाडीचे आहेत. कुठला बाण आधी कळला, कुठल्या बाणासाठी माणसं वर्षानुवर्षं अडून राहिली, याचा माग पुसून गेलेला आहे.

आता इंजिनियर मंडळींचा आवडता लेख बघू. युरी लाझेब्निक यांनी 2002 साली 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात एक विनोदी आणि बोचरा लेख लिहिला. जीवशास्त्रज्ञाला रेडिओ दुरुस्त करता येईल का, असा त्यातला प्रश्न. जीवशास्त्रज्ञ पुष्कळ रेडिओ विकत घेतील, सुट्या भागांची रंग-आकारावरून वर्गवारी करतील, एकेक भाग उडवून रेडिओ बंद पडतो का ते बघतील, आणि जो भाग गेल्यावर आवाज बंद होतो त्याला मोठ्ठं नाव देतील. रेडिओ मात्र दुरुस्त होणार नाही, कारण त्यांच्याकडे सर्किटची भाषा नाही. लाझेब्निक स्वतः जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे ही थट्टा घरातली आहे. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसले. इंजिनियरांच्या गटांत हा लेख फिरतो तो 'बघा, बायोवाले नुसती नावं पाठ करतात' अशा सुरात.

त्या सुराशी माझं जमत नाही. एक तर नावांचा एवढा तिटकारा आपल्याला शोभत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये शेकडो फंक्शनांची नावं आपल्या बोटांवर असतात, त्याला आपण पाठांतर म्हणत नाही, अनुभव म्हणतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रेडिओची उपमाच कमी पडते. रेडिओ कुणीतरी एका कामासाठी बनवलेला असतो आणि त्याचा आराखडा कुठेतरी असतो. क्रेब्ज चक्राचं तसं नाही. ते ऊर्जा देतं, हे खरं. पण त्याच चक्रातले रेणू बाहेर काढून पेशी अमिनो आम्लंही बनवते. ई. कोलाय हा जंतू ऑक्सिजन नसताना हे चक्र पूर्ण फिरवत नाही, त्याच्या दोन फांद्या करून वापरतो. काही हरित गंधक जंतू तर ते चक्क उलटं फिरवतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, हे 1966 पासून माहीत आहे. असा भाग रेडिओत कुठला? हे यंत्र कुणी बसून आखलेलं नाही. जुन्या वाड्यात पिढ्यांमागून पिढ्यांनी भिंती पाडाव्यात, देवघराचं कोठार करावं, कोठाराचा जिना करावा, तसं ते आजच्या रूपाला आलं आहे. आराखडा शोधणारा इंजिनियर इथे चकतो. वाड्याचा इतिहास विचारणारा टिकतो.

म्हणून लाझेब्निक यांचं निदान मला अर्धं पटतं. भाषा कमी पडते हे खरं, पण ती निव्वळ सर्किटची भाषा असून भागणार नाही. आणि कॅम्पबेलच्या पुस्तकालाही हेच लागू आहे. उत्क्रांती हा जीवशास्त्राचा गाभा, असं ते पहिल्याच प्रकरणात बजावतं. मग नवव्या प्रकरणात पेशीचं श्वसन एखाद्या कारखान्यासारखं उलगडतं आणि उत्क्रांतीचा सविस्तर विभाग येतो तो चौथा. दरम्यान वाचकाच्या मनात यंत्राचं चित्र पक्कं बसलेलं असतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. 56 प्रकरणांत प्रत्येक गोष्टीचा असा इतिहास सांगायचा तर पुस्तक उचलायला हमाल लागेल. मान्य. सगळ्याचा इतिहास नको. प्रत्येक प्रकरणात एक तरी निष्कर्ष चौकटीतून मुख्य रस्त्यावर यावा, आणि मधल्या मजकुराने त्याची वाट बघावी, इतकंच. सोळाव्या प्रकरणाने हे करून दाखवलं आहे. पाठांतर त्याने कमी होणार नाही, पण पाठ केलेलं कशाला टेकून उभं आहे ते कळेल. आज मामेबहिणीच्या हाती पदवी येईल तेव्हा तिला हजारो निष्कर्ष माहीत असतील. त्यांतला एखादा उद्या चुकीचा निघाला, तर तो कुठून तपासायला घ्यावा हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नसेल. ही उणीव तिची नाही.

पुस्तक बदलायला दहा वर्षं लागतील, प्रश्नपत्रिका एका सत्रात बदलू शकते. 'क्रेब्ज चक्र काढा' याच्या जागी एकच प्रश्न घाला. पायरी बंद होती, ऑक्झॅलोअॅसिटेट दिलं, तरी सक्सिनेट साठलं. यावरून काय ठरतं, आणि अजून काय ठरत नाही?