‘पुरुषी’ श्रोणी : एका नावाची चिकित्सा

माझ्या थोरल्या बहिणीचे पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. बाहेर येऊन डॉक्टर सहज बोलून गेले, “हिचं ओटीपोटाचं हाड पुरुषी आहे.” बहिणीने ते वाक्य तीस वर्षे मनात वागवले. मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. पण बाईच्या हाडाला पुरुषी कोणी ठरवले, या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले.

आपल्या बोलीत कंबर आहे, खुबा आहे, माकडहाड आहे. या सगळ्यांना धरून असलेल्या हाडांच्या कड्यासाठी पाठ्यपुस्तकांनी संस्कृतातला ‘श्रोणी’ घेतला. युरोपने लॅटिनमधला ‘पेल्व्हिस’ घेतला. त्याचा अर्थ पसरट भांडे, म्हणजे आपले घंगाळच.

स्त्री-पुरुषांच्या श्रोणीत फरक आहे, आणि तो नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही. स्त्रीच्या श्रोणीचे वरचे तोंड गोलसर, पुरुषाचे बदामाच्या आकाराकडे झुकणारे. त्रिकास्थी स्त्रीमध्ये आखूड व रुंद. पुढच्या जघनास्थींखालचा कोन पाहायचा, तर तर्जनी आणि मधले बोट फाकवावे : तो पुरुषाचा. अंगठा आणि तर्जनी ताणावी : तो स्त्रीचा. उत्खननातल्या सांगाड्याचे लिंग ओळखताना अभ्यासक आधी श्रोणीच शोधतात, ते उगाच नव्हे. मात्र हा फरक दोन समूहांच्या सरासरीतला आहे, आणि मधली हद्द पुसट आहे.

गफलत पुढे झाली. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम कॉल्डवेल आणि हॉवर्ड मोलॉय यांनी स्त्रियांच्याच श्रोणींचे चार प्रकार केले : गायनेकॉइड म्हणजे स्त्रीसम, अँड्रॉइड म्हणजे पुरुषसम, अँथ्रोपॉइड म्हणजे वानरसम आणि प्लॅटिपेलॉइड म्हणजे चपटा. ही यादी वर्गीकरण म्हणून न वाचता भाषा म्हणून वाचावी. चौघीही स्त्रिया, पण ‘स्त्रीसारखी’ त्यांतली एकच! ‘वानरसम’ला तर जुना वास आहे. एडिंबराचे विल्यम टर्नर यांनी १८८५ मध्येच श्रोणीच्या तोंडाच्या लांबी-रुंदीवरून मानववंशांची वर्गवारी मांडली होती. कॉल्डवेल-मोलॉय यांना मिश्र प्रकार मान्य होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पाठ्यपुस्तकांनी मिश्रण मागे टाकले आणि चार चित्रे ठेवली.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्त्रियांच्या सीटी स्कॅनवरून मापे घेतली, तेव्हा चार वेगळे पुंजके दिसलेच नाहीत. एकात एक मिसळलेला ढग दिसला. २०१६ च्या झुरिकच्या अभ्यासाने त्याहून मोठा धक्का दिला. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या श्रोणीत फारसा फरक नसतो. प्रसूतीला सर्वांत सोयीचा आकार पंचविशी-तिशीत येतो आणि चाळिशीनंतर ती पुन्हा अरुंद होऊ लागते. एकाच बाईच्या आयुष्यात बदलणाऱ्या हाडाला कायमचे नाव कसे द्यायचे?

आणि हाड एकटे वाढत नाही. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. ऊन न मिळालेल्या स्त्रियांची हाडे मऊ पडतात, श्रोणी आत दबते आणि मूल अडते, हे त्यांनी दाखवले. तिथे दोष बाईच्या घडणीत नव्हता, बंद दारात होता. त्यांची काही अनुमाने आज पटत नाहीत. पण प्रश्न हाडाच्या जातीकडून घराच्या रचनेकडे नेणे, हे मला कॉल्डवेल-मोलॉयपेक्षा मोलाचे वाटते.

मूल अडते ते केवळ आकाराने नव्हे. बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात, गरोदरपणी आईचे सांधे सैल होतात, ती उकिडवी बसली तर मापे थोडी बदलतात. डोके कोणत्या बाजूने उतरते, कळा किती जोराच्या, हेही असतेच.

बहिणीने तेव्हाचा केसपेपर जपून ठेवला आहे. गेल्या दिवाळीत तो मी पहिल्यांदा नीट वाचला. श्रोणीचे एकही माप त्यात नाही. बाळाचे डोके खाली सरकत नाही, एवढेच लिहिले आहे.