नव्या मुंबईचें भाकीत : एक परीक्षण

मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकांत १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं खाडीपलीकडे दुसरें शहर वसविण्याची योजना मांडली. छापील योजनेचें परीक्षण या पृष्ठांत कशाला, असें आमचे एक संग्राहक मित्र विचारतात. त्यांच्या मतें बखर, सनद, महजर हींच काय तीं साधनें. आम्हांस हें मान्य नाहीं. उद्यांच्या नगराविषयीं मनुष्य जें लिहितो तो त्याच्या स्वतःच्या काळाचा पुरावा असतो. आणि या भाकितास आतां साठ वर्षें होत आल्यामुळें तें घडलेल्या गोष्टींशीं ताडून पाहतां येतें.

लेखकांचें म्हणणें थोडक्यांत असें. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी. कचेऱ्या दक्षिण टोंकास, वस्ती उत्तरेस सरकत चाललेली. ही रेघ मोडून नगराची वाढ पूर्वेकडे वळवावी, सरकारी कचेऱ्या पलीकडे न्याव्या, म्हणजे व्यापार मागोमाग जाईल. सरकारनें योजना उचलली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ९५ गांवांची सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि योजनेखालीं आली.

रोगाचें निदान उत्तम होतें, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद अनुमानाविषयीं आहे. न्यायशास्त्र शिकणारा विद्यार्थीहि जाणतो कीं, अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं. इंधन ओलें असावें लागतें. तो ‘उपाधि’ ध्यानांत न घेतां काढलेलें अनुमान दुष्ट ठरतें. १९७३ सालीं वाशीचा पूल झाला, भूखंड आंखले गेले, अग्नि पेटला. पण ओलें इंधन, म्हणजे सचिवालय, जागचें हललें नाहीं. उलट त्याच्याच शेजारीं नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. बेलापुरास कोंकण भवन झालें खरें, पण राज्यकारभाराची गादी मुंबईसच राहिली. मानखुर्दहून वाशीस आगगाडी जाण्यास १९९२ साल उजाडलें.

परिणाम जनगणनेंत पाहावा. बृहन्मुंबईची वस्ती १९७१ सालीं ५९ लक्ष ७१ हजारांच्या आसपास होती, ती २०११ सालीं १ कोटी २४ लक्षांवर गेली. त्यांत मूळ बेट तीस-तेहतीस लक्षांतच घोटाळत राहिलें. भर पडली ती सारी उत्तरेकडील उपनगरांत, म्हणजे जी वाढ टाळावयाची तिच्यांतच. नवी मुंबई महानगरपालिकेची २०११ ची गणती ११ लक्ष २० हजार भरली. योजनेचा आंकडा २० लक्षांचा होता; परंतु पालिकेची हद्द योजनेच्या हद्दीएवढी नाहीं, तेव्हां एवढ्यावरून निकाल देणें म्हणजे एका सुट्या पत्रावरून सबंध पोथीचा काल ठरविणें होय. लेखकांना हा न्याय मिळालाच पाहिजे. दिशाहि त्यांची चुकली नव्हती. २०२४ सालीं शिवडीहून न्हावाशेव्यास समुद्रावरून पूल गेला तो त्याच दिशेनें.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. नकाशा ज्यांनीं वाचला त्यांनीं दप्तर वाचलें नाहीं. नकाशावर जी मोकळी भूमि दिसते ती दप्तरांत कधींच मोकळी नसते. तिच्यावर भातखाचरें, मिठागरें, कुळें, वाटण्या, गांवठाणाच्या शिवा असतात. या भूमीचें मोल काय, हा प्रश्न १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत रक्त सांडून विचारला गेला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनांत गोळीबारानें पांच माणसें गेलीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण आलें. मूळ भाकितांत यास जागा नव्हती, आणि आजच्या तेथील वस्त्यांची घडण त्याखेरीज उलगडत नाहीं.

गंमत अशी कीं, आंखणारांनीं सेक्टरांना आंकडे दिले, पण वस्त्यांना नांवें गांवांचींच राहिलीं : वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली. मराठे व फिरंगी यांच्या झगड्याच्या कागदांत बेलापूर ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस स्टेशनावरची पाटी पाहून आम्हांस वाटलें तेंच वाटेल.

या ९५ गांवांपैकीं कोणत्याहि गांवचे जमाबंदीचे, मिठागरांचे अथवा वाटणीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं नकला करून मंडळाकडे धाडाव्या. मूळ कागद मागत नाहीं. गांवाचें नांव, साल आणि शेवटचा शेरा तेवढा जसाच्या तसा उतरवावा.